हनीमूनमधला चंद्र कुठला?

लग्न ठरलं, की साड्या-दागिन्यांच्या याद्यांबरोबर एक प्रश्न हमखास निघतो, "हनीमूनला कुठे?" महाबळेश्वर, माथेरान, गोवा... ज्याची जशी ऐपत! पण मैत्रिणींनो, यातला 'हनी' म्हणजे मध, हे चटकन पटतं. 'मून' म्हणजे चंद्र तिथे कशाला आला, याचा विचार केलाय कधी?

नवरा-नवरीला महिनाभर मधाची दारू पाजत, म्हणून हे नाव पडलं, असं पुष्कळदा वाचायला मिळतं. त्या गोष्टीला जुना आधार काही सापडत नाही. शब्द मात्र जुना आहे. जॉन हेवूडच्या १५४६ सालच्या म्हणींच्या पुस्तकात तो येतो, आणि १५५२ मध्ये रिचर्ड ह्यूलोएटने आपल्या कोशात त्याचा खुलासाच केला आहे. नवी जोडपी आरंभी एकमेकांवर अतोनात प्रेम करतात, पुढे ते ओसरू लागतं. त्या आरंभीच्या दिवसांना लोक हे नाव देतात, असा त्याचा आशय. म्हणजे चंद्र आला तो पौर्णिमेनंतर कलेकलेने घटणारा! चक्क टोमणाच की हो. आजेसासूबाईंनी "नव्याचे नऊ दिवस" म्हणून नाक मुरडावं, तसा.

लग्नाला सहा-आठ महिने झाले, की "हे पूर्वीसारखे बोलत नाहीत, माझंच काही चुकलं का?" म्हणून झुरणाऱ्या कितीतरी जणी असतात. त्यांना हा जुना अर्थ कुणीतरी सांगायला हवा. पावणेपाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या साध्यासुध्या माणसांनी हे ओळखलं होतं, आणि त्याचा दोष एकट्या बायकोच्या माथी मारला नव्हता!

१७५५ साली डॉ. जॉन्सनच्या कोशात 'लग्नानंतरचा पहिला, निव्वळ सुखाचा महिना' एवढाच अर्थ उरला. टोमणा गेला, गोडवा राहिला. आपण शब्दाला शब्द ठेवून 'मधुचंद्र' केला, तोही गोडव्यापुरताच.

आणि प्रवास? तो फार पुढचा. एकोणिसाव्या शतकात तिकडची सधन जोडपी लग्नानंतर दौऱ्यावर निघत, ती लग्नाला येऊ न शकलेल्या नातेवाइकांना भेटायला! कधी कधी घरची मंडळीही बरोबर असत. आपल्याकडे नव्या जोडप्याला कुलदैवताला नेतात, तेव्हा जीपमध्ये सासूबाई, नणंद आणि मागच्या सीटवर मामंजी असतात ना, अगदी तस्सं.