जड झालेले सुकाणू : एका निदानाची गोष्ट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांला व्याकरण शिकवीत. वाक्यातील चूक नुसती दाखविली तर त्यांचे समाधान होत नसे. ती कुठून आली हेही सांगावे लागे. आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने आज ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगचा विषय घ्यावा, याचे कारण त्यांच्या या शिकवणीतच आहे.

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके संत्र्यांचे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. पण बागेतून बाजारापर्यंतची वाट होती तीच राहिली. आंबिया बहाराचा माल निघण्याच्या सुमारास परतीचा पाऊस झाला, की काळ्या मातीतील पांदणीत चाकांच्या खोल चाकोऱ्या पडतात. भरलेला ट्रक चाकोरीतून बाहेर काढताना चालक चक्र पूर्ण एका बाजूस वळवून तसेच धरून ठेवतो, पुन्हा दुसऱ्या बाजूस वळवितो. ही झटापट तासभरही चालते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या ट्रकचे असेच झाले. पांदणीतून बाहेर आल्यावर चक्र जड झाले आणि वळविताना बोनेटखालून घुरघुर ऐकू येऊ लागली. एका कार्यशाळेत त्यास पंप आणि स्टिअरिंगची पेटी दोन्ही बदलण्याचा सल्ला मिळाला. त्यासाठी कर्ज काढावे लागणार होते. बागेत तोडलेला माल तर थांबणारा नव्हता. तेव्हा तो सौंसरच्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गेला. मी सोबत होतो.

प्रथम या यंत्राची रीत पाहू. अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२० च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारे सुकाणू सिद्ध केले. १९५१ साली क्रायस्लर कंपनीने ते विक्रीच्या मोटारीत आणले. इंजिनाच्या बळावर फिरणारा पंप टाकीतील तेल ओढून पेटीकडे ढकलतो. चालकाने चक्र फिरविले की पेटीतील पीळदांडी किंचित पिळली जाते, झडप उघडते आणि तेल दट्ट्याच्या एका बाजूवर दाब देते. दट्ट्या पुढील दांड्यांच्या द्वारे चाके वळवितो. माणूस दिशा सांगतो, बळ तेल लावते. तेलाचे बळ गेले तरी चाके वळतात. मात्र सारा भार मनगटांवर येतो.

आयुर्वेदात 'माधवनिदान' या ग्रंथाने रोगपरीक्षेची पाच अंगे सांगितली आहेत : निदान म्हणजे हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. मिस्त्रीने हा ग्रंथ पाहिला असण्याचा संभव नाही. परंतु त्याची पद्धती तीच होती.

त्याने बोनेट उघडले नाही. आधी प्रश्न विचारले. जड केव्हापासून? एका बाजूस की दोन्हीकडे? थंड असताना की तापल्यावर? पांदणीत चक्र टोकाला किती वेळ धरले होते? हा हेतूचा शोध. चक्र टोकाला धरले की दाब कमाल होतो, सुरक्षाझडप उघडते आणि तेल तेथल्या तेथेच फिरून झपाट्याने तापते. म्हणूनच चक्र टोकाशी पाच-दहा सेकंदांहून अधिक धरू नये असे सांगतात. तापलेले तेल पातळ होते, पंपाच्या आतून मागे निसटते. जुनी सीले कडक होतात. पूर्वरूप म्हणजे आधीची बारीकशी घुरघुर. चालकाने ती दोन दिवस ऐकली होती आणि सोडून दिली होती.

रूपाचे वाचन तर भाषाभ्यासासारखे आहे. दोन्हीकडे सारखे जड असेल तर संशय तेलावर, पंपावर किंवा त्याच्या पट्ट्यावर; एकाच बाजूस जड असेल तर पेटीतील झडपेवर किंवा सीलवर. केवळ तापल्यावर जड होत असेल तर पंप झिजला असावा. चक्र जड नसून सैल लागत असेल, तर ते दुखणेच निराळे आणि अधिक भयंकर. तेथे दांड्यांचे सांधे तपासल्यावाचून गाडी हलवू नये. वाकलेली दांडी तापवून सरळ करण्याचा मोह तर कधीच धरू नये. ती बदलावीच लागते.

पुढे उपशय, म्हणजे करून पाहण्याची परीक्षा. मिस्त्रीने पुढच्या टायरांतील हवा पाहिली. कमी हवेनेही चक्र जड होते. मग मागच्या चाकांना ओंडके लावून पुढचा आस जॅकने उचलला, खाली घोड्या दिल्या आणि इंजिन बंद ठेवून चक्र फिरविले. अधांतरी चाकांनाही ते अडखळले असते, तर दोष किंगपिनात, सांध्यांत किंवा पेटीत असता. चिखल शिरून ते धरले जातात. चक्र मोकळे फिरले. म्हणजे दोष तेलाच्या वाटेवर होता.

आता टाकीचे झाकण उघडले. तेलावर दुधाळ फेस होता. मिस्त्री टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीपाशी थांबला. तिची पट्टी पांदणीच्या धक्क्यांनी ढिली झाली होती आणि नळीच्या तोंडाशी चीर गेली होती. खाली मात्र तेलाचा थेंब नव्हता! येथेच संप्राप्ती उलगडते. दाबाच्या नळीला भेग गेली तर तेल बाहेर उडते. परंतु ओढीच्या नळीत चालू पंप तेल खेचत असतो, म्हणून तेथे तेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. हवामिश्रित तेल बळ पोहोचवू शकत नाही. तीच हवा पंपात फुटून घुरघुरते. गळती दिसत नाही, म्हणून पंपावर आळ येतो.

नवी नळी, नवी पट्टी, नवे गाळणे आणि स्वच्छ तेल एवढ्यावर काम भागले. चाके अधांतरी असतानाच इंजिन बंद ठेवून चक्र अनेकदा दोन्हीकडे फिरविले, तेल पुन्हा भरले, मग इंजिन सुरू करून फेस पूर्ण विरेपर्यंत तेच केले. पंप अद्याप शाबूत होता. आणखी काही दिवस तसाच चालविला असता तर तोही गेला असता. कारण तेल हेच त्याचे वंगण.

त्या रात्री तो ट्रक संत्री घेऊन सिल्लेवानी घाटाने छिंदवाड्याकडे गेला. घाटातील वळणावर चक्र अकस्मात जड होणे म्हणजे काय, हे या श्रोतृवर्गातील चालकांना आणि त्यांच्या घरच्यांना मी सांगावयास नको.

मित्रहो, आपण घाईने पंप बदलतो. मुलाच्या गुणपत्रिकेविषयी आणि संसारातील कुरबुरींविषयीही तसेच वागतो. जे बाहेर गळते ते सर्वांना दिसते; जे नकळत आत शिरते ते शोधावे लागते. तो शोध शांतपणे, क्रमाने, स्वस्त कारणापासून महाग कारणाकडे जात करावा, एवढेच गुरुजींनी आम्हांला व्याकरणाच्या तासाला शिकविले होते. सौंसरच्या त्या मिस्त्रीच्या तेलकट हातांत मला त्यांचाच खडू दिसला. त्या दोघांना वंदन करून मी थांबतो.