बांधकामावरचा पहिला आठवडा

रब्बीची सुगी आटोपली की गावाकडचे तरुण कामासाठी शहरातल्या मजूर अड्ड्यांवर येऊ लागतात. बिगारी म्हणून अनेकांची सुरुवात होते ती याच दिवसांत, ऊन तापू लागलेले असताना. नवा गडी किती दमाचा आहे हे पाहायला मुकादम त्याला पहिल्याच दिवशी भर उन्हात घमेली वाहायला लावतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत उलटी, आणि घातकही आहे.

उघड्यावरच्या कामात उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी ५० ते ७० टक्के मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात, असे अमेरिकेची कामगार सुरक्षा यंत्रणा 'ओशा' सांगते. कारण सवयीचे आहे. उष्णतेला सरावलेल्या माणसाला घाम लवकर आणि भरपूर येतो, घामातून मीठ कमी जाते. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढल्याने तेवढ्याच कामासाठी हृदयाची धडधड कमी होते. हा बदल घडायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. थंडीत शेतात राबलेल्या पैलवानी पोरालाही ही सवय नसते. ताकद वेगळी, उष्णतेचा सराव वेगळा. लग्नसराईत दोन-तीन आठवडे गावी राहून परतलेला जुना गवंडीही बराचसा सराव गमावून बसलेला असतो.

म्हणूनच नव्या कामगाराला पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या २० टक्केच, म्हणजे आठ तासांत जेमतेम दीड तास उन्हात काम द्यावे आणि रोज आणखी २० टक्के वाढवावे, अशी तिथल्या 'नायॉश' या संस्थेची शिफारस आहे. रोजंदारीवरच्या माणसाला हे परवडायचे कसे? उरलेल्या वेळात त्याला घरी न पाठवता सावलीतले हलके काम देता येते. तार कापणे, सामान लावणे ही कामेही साइटवर कोणीतरी करतच असते. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी मात्र हवेच, तहान लागण्याची वाट न पाहता.

घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा समज धोक्याचा आहे. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात घाम चालू राहू शकतो. खरी खूण म्हणजे बिघडलेले भान: असंबद्ध बोलणे, झोकांड्या जाणे. बरोबरचे लोक 'काल जास्त झाली वाटतं' म्हणून हसतात आणि तेवढ्यात मोलाची मिनिटे जातात. अशा वेळी त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ला फोन करावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

टाइल्स आणि काँक्रीट कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीचे नुकसान एवढ्या लवकर दिसत नाही. अनेकदा दहा-पंधरा वर्षांनी दम लागू लागतो आणि तोवर फुप्फुसावर पडलेले व्रण भरून येत नाहीत. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही; कापताना पाण्याची धार सोडली तर ती बरीच कमी होते.

राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी मागील वर्षभरात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नवख्याकडे तो पहिल्या आठवड्यात असणार कुठून? त्या दिवसांत त्याचा जीव मुकादमाच्या हाती असतो.