स्वप्नात पळताना पाय का उचलत नाहीत?

दहावीतली भाची काल विचारत होती, "मावशी, स्वप्नात मी जिवाच्या आकांताने पळते, पण पाय हलतच नाहीत. याचा अर्थ काय गं?"

अनुभव फार जुना आहे. होमरच्या 'इलियड'मध्ये अकिलीस हेक्टरच्या मागे धावतो, तो पाठलाग अशाच स्वप्नासारखा वर्णिला आहे.

फ्रॉइडने यात इच्छांचा झगडा पाहिला: एक मन पळ म्हणतं, दुसरं थांब.

फिनलंडचे संशोधक आंट्टी रेवोनसुओ यांनी २००० साली मांडलं की अशी स्वप्नं ही मेंदूने घेतलेली संकटाची रंगीत तालीम. मला हेच जास्त पटतं. परीक्षा जवळ आली की माझ्याही मागे कुणीतरी लागायचंच!

शिवाय ठसठशीत स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल सोडतो; स्वप्नात पाय न हलण्यामागे तेही असू शकतं.

तुम्ही स्वप्नात कशापासून पळता? काही विचारायचं असेल तर खाली जरूर लिहा.