काळा रंग फिका का दिसतो?

महाशिवरात्रीला नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरात परमेश्वराची यात्रा भरते. तिथे आसपासच्या तांड्यांवरून आलेल्या एखाद्या वयस्क बंजारा बाईच्या फेटिया-काचळीकडे, म्हणजे घागरा-चोळीकडे, जरा थांबून बघा. भडक लाल, त्याला खेटून निळा, मध्येच पिवळा, वर आरसे, काठाला कवड्या. एवढ्या गर्दीने डोळे शिणायला हवेत. उलट ते त्या कापडावरून हलत नाहीत!

काठाचं काम लयीचं आहे. कवडी, मोकळी जागा, पुन्हा कवडी. पुढे काय येणार हे ठाऊक असलं की नजर निवांत सरकते. आरसा मात्र तिला थांबवतो, कारण भोवतालच्या दाट टाक्यांत तो एकटाच चकाकतो. सगळं कापड आरशांनी भरलं असतं तर एकही आरसा उठून दिसला नसता. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रासाठी चित्रकलेचे सर जे तोल, लय, प्रमाण, विरोध शिकवतात, ते सगळं इथे अंगावर वागवलं जातं, आणि तेही कागदावर आधी रेखाटन न करता.

यातला विरोध सगळ्यात अजब. त्यासाठी थेट पॅरिसला जावं लागतं.

मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली तिथल्या गोब्लँ या सरकारी विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तक्रार आली की इथला काळा रंग फिका आहे. रसायनशास्त्रज्ञ आधी रंगाचं भांडंच तपासणार. शेव्हरलने ती काळी लोकर इतर ठिकाणच्या उत्तम काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात काडीचा दोष नव्हता. गडबड शेजारी होती! निळ्या-जांभळ्या धाग्यांलगत विणलेला तो काळा उगाच मलूल दिसत होता. या एका तक्रारीचा माग काढत त्याने १८३९ मध्ये रंगांच्या परस्परविरोधावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढे सरा या फ्रेंच चित्रकाराच्या पिढीने त्याचा आधार घेतला.

असं होतं, कारण डोळा रंग सुटा मोजत नाही. शेजारच्या रंगाशी तुलना करूनच ठरवतो. निळ्याजवळ ठेवलेल्या रंगावर निळ्याच्या विरोधी रंगाची, म्हणजे नारिंगीची, झाक चढते. काळ्यावर ती चढली की काळा गंजल्यासारखा वाटतो. असाच एक खेळ घरी करून बघता येतो. लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे बघा. भिंतीवर हिरवट-निळा चौकोन तरंगेल. तो भिंतीवर नसतोच. लाल बघून थकलेल्या पेशी गप्प बसतात आणि उरलेल्या पेशी तो रंग उभा करतात.

आता पुन्हा त्या फेटियाकडे वळा. लाल-निळ्या तुकड्यांच्या सांध्यावर बऱ्याचदा पांढऱ्या दोऱ्याचे टाके दिसतील. दोन रंग एकमेकांना बिघडवत असतील तर मध्ये पांढरा घाला, असं शेव्हरलनेही सांगितलं आहे. तांड्यावर ते आईच्या हाताखाली बसून येतं.

चित्रावर अभिप्राय देणाऱ्याने शेव्हरलची ही चौकशी डोक्यात ठेवावी असं मला वाटतं. तक्रार करणारे खोटं बोलत नव्हते, त्यांना काळा फिकाच दिसत होता. फक्त कारण त्यांनी चुकीच्या जागी ठेवलं. आपणही ‘चेहरा जमला नाही’ म्हणून मोकळे होतो, आणि खरी खोट मागच्या भडक पडद्यात असते. ‘छान आहे’ हा शेरा तर त्याहून निरुपयोगी. त्यातून चित्र काढणाऱ्या पोराला पुढे काय करायचं ते कळत नाही. त्यापेक्षा नजर आधी कुठे गेली, कुठे अडली, कुठून बाहेर पडली, एवढं सांगितलं तरी त्याला धरायला काहीतरी मिळतं. डोळे किलकिले करून बघितलं की बारकावे पुसले जातात आणि उजेड-काळोखाचा तोल उघडा पडतो. चित्र आरशात बघा, हा सल्ला लिओनार्दोचा. उलटं झालेलं चित्र परक्याचं वाटतं आणि सवयीने न दिसणारा कल लगेच दिसतो.

तेव्हा घरातलं पोर चित्र घेऊन आलं आणि त्यातला एखादा रंग खटकला, तर तो बदलायला सांगण्याआधी शेजारचा रंग तळहाताने झाकून बघा. मग काय दिसतं ते त्यालाच विचारा.