विमानाचा वेग आणि प्रवासाचा वेळ

मंडळी, मुंबईहून नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर. विमानाच्या सरळ वाटेने सुमारे ६८०. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरा. गुरुजी, तुमच्या वर्गातली मुले लगेच सांगतील, ५१ मिनिटे! मग तिकिटावर सुमारे दीड तास का बरे?

अहो, तो वेग उंचावर गेल्यावरचा. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरताना मंदावणे, यांत वेळ जातोच. समोरून वारा असला तर आणखी. शिवाय विमानतळ दोन तास आधी गाठायचा. म्हणून नागपूरच्या इस्पितळात आपले माणूस असेल, तातडीने निघायचे असेल, तर हिशेब नुसत्या अंतरावरून करू नका. घराच्या उंबऱ्यापासून इस्पितळाच्या दारापर्यंत करा.