पत्र्यांच्या आडचं जे. जे.

उत्तनच्या कोळीवाड्यात "जेजेला न्यायला सांगितलंय" असं कुणी म्हटलं की घरातली माणसं पुढचं विचारत बसत नाहीत, कामाला लागतात. आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले जातात. पहाटेची बस भाईंदर स्टेशनला, तिथून लोकल दादरला, दादरला गाडी बदलून भायखळा आणि पुढे पाय चालले तर चालत, नाहीतर टॅक्सी. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, सगळे त्याला टेंभा म्हणतात. तिथं जे निभत नाही ते कांदिवलीचं शताब्दी, केईएम, नायर किंवा जेजेकडे जातं. म्हणून जेजेत पूर्वी जाऊन आलेल्या माणसाला गावात मान असतो. केसपेपरची खिडकी कुठली, एक्स-रे कुठे, रक्त कुठे द्यायचं, हे त्याला पाठ असतं.

पण ही माहिती फार दिवस टिकत नाही. ज्या आवारात बांधकाम सुरू असतं तिथं वाटा बदलतात. गेल्या खेपेला ज्या बोळातून गेलो तो पत्रे लावून बंद झालेला असतो, विभाग दुसऱ्या इमारतीत हललेला असतो आणि कागदावर छापलेला बाण भिंतीकडे बोट दाखवत असतो. जेजेच्या आवारात सुपर स्पेशालिटी रुग्णालयाच्या बहुमजली इमारतीचं काम गेली काही वर्षं चालू आहे. मजले किती चढले, खर्च किती वाढला, मुदत कितीदा टळली, हे बातम्यांत येतं. मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. एक दिवसही बंद ठेवता न येणारी संस्था स्वतःच्या अंगावर बांधकाम कसं करून घेते?

जेजेला याची सवय जन्मापासून आहे. मुंबईत वैद्यकीय शिक्षणाचा पहिला सरकारी प्रयत्न 1826 साली झाला आणि ती शाळा 1832 साली बंदही पडली. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी पुन्हा महाविद्यालयाचा विषय लावून धरला, पण 1838 साली ते वारले. (हे गृहस्थ स्तोत्रंही लिहीत. इंग्रजी चर्चमधून ती आजही म्हटली जातात. आपल्याला मात्र ते रेल्वे स्टेशनापुरते ठाऊक.) त्यांचं नाव महाविद्यालयाला मिळालं. रुग्णालयासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी 1 लाख रुपये दिले, तेवढीच भर सरकारनं घालावी या अटीवर. 3 जानेवारी 1843 रोजी पायाभरणी झाली, 15 मे 1845 रोजी रुग्णालय सुरू झालं आणि त्याच वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेजही. दोन वर्षं आणि चार महिने. आजच्या सरकारी निविदेत एवढ्या काळात बऱ्याचदा झाडं तोडायची परवानगीही हाती येत नाही.

उत्तनच्या माणसानं लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट 1845 साली घडली. जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांच्या पैशांतून बांधलेला माहीमचा कॉजवे खुला झाला. त्याआधी साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यानं मुंबईत शिरायचं तर माहीमची खाडी तरीनं ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात तो जिवावरचा खेळ असे. रुग्णालय आणि रुग्णालयाची वाट, दोन्ही एकाच घरच्या पैशांतून आणि एकाच वर्षी. इमारतीइतकाच पोचण्याचा रस्ताही महत्त्वाचा, हे त्या घराला उमगलं होतं. पुढच्या बांधकामखात्यांना ते कितपत उमगलं, याबद्दल मला शंका आहे.

1851 साली पहिली तुकडी बाहेर पडली. भाऊ दाजी लाड तिच्यातले, पुढे प्रार्थना समाज काढणारे आत्माराम पांडुरंगही तिच्यातलेच. 1861 पासून इथं मराठीतून वैद्यक शिकवणारा वर्गही भरत असे, पुढे तो पुण्याला गेला. आवारात इमारतींची भर पडतच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून स्त्रिया आणि मुलांसाठी रुग्णालय उभं राहिलं, बाई मोटलीबाईंच्या नावाचं प्रसूतिगृह आलं. दाता मिळाला की एक इमारत, अशी ही वाढ. सगळ्या आवाराचा एक आराखडा डोळ्यांपुढे ठेवून इथं कुणी कधी बांधलं असेल, असं आवारात फिरताना वाटत नाही.

आणि ज्या कामामुळे जेजेचं नाव जगभर गेलं ते कुठल्याच नव्या इमारतीत झालेलं नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिनला ग्रँट कॉलेजच्या फ्रामजी दिनशा पेटिट प्रयोगशाळेत जागा मिळाली, म्हणजे एक खोली आणि बाहेरची पडवी. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तिथं त्यानं प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली. 1899 साली हे काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेलं, तीच पुढे हाफकिन संस्था. तात्पुरत्या जागेची ही थोर कथा. पण तिच्या आधारावर आज कुणाला पडवीत काम करायला लावू नये. हाफकिनच्या पडवीत खाटा नव्हत्या.

नोव्हेंबर 2022 मध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी बांधलेल्या त्या पेटिट इमारतीनं सगळ्यांना बुचकळ्यात टाकलं. तिच्यात आता नर्सिंग कॉलेज आहे. पाणी गळत असल्याच्या तक्रारीवरून पाहणी चालली होती आणि इमारतीखाली पोकळी लागली. आत शिरल्यावर सुमारे 200 मीटर लांबीचं विटांचं भुयार निघालं. इमारतीची कोनशिला 1890 सालची, त्यामुळे भुयारही तेवढंच जुनं धरलं गेलं. वर्तमानपत्रांनी इतिहास रंगवला, गुप्त वाटेपर्यंत तर्क गेले. मला वाटतं, भुयारापेक्षा गळतीचा धडा मोठा आहे. शंभरावर वर्षं माणसं ज्या इमारतीत रोज वावरली, तिच्या तळाशी काय आहे हे नळ गळला तेव्हा कळलं. अशा आवारात नव्या इमारतीचं पायलिंग करायचं म्हणजे हातातला नकाशा आणि जमीन यांचा मेळ बसेलच असं धरून चालता येत नाही. जुनी गटारं, बंद पडलेल्या जलवाहिन्या, कुणीतरी कधीतरी टाकलेली केबल, सगळं फावडं लागल्यावरच वर येतं आणि प्रत्येक वेळी काम थांबतं.

चालू रुग्णालयात बांधकाम करणारा अभियंता आणि मोकळ्या माळावर बांधणारा अभियंता यांचा धंदाच वेगळा. माळावर सिमेंट, सळई, मजूर यांचा मेळ घातला की झालं. इथं आधी माणसं हलवावी लागतात. एक वॉर्ड पाडायचा तर त्यातल्या खाटांना दुसरीकडे जागा हवी. ती जागा जिथं आहे तिथला विभाग तिसरीकडे न्यायचा. त्या तिसऱ्या जागी कर्मचाऱ्यांची घरं असतात आणि ती रिकामी होत नाहीत. कागदावर उशिराचं कारण म्हणून ठेकेदार दिसतो. पण खूपदा खरं कारण या साखळीत असतं, आणि निविदेत तिला एक ओळही दिलेली नसते.

मग धूळ. जुन्या भिंती, जुनी छतं फोडली की ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजकण हवेत पसरतात. धडधाकट माणूस ते श्वासावाटे घेतो आणि त्याला काही होत नाही. रक्ताच्या कर्करोगावर औषध घेणाऱ्याला, अवयव बदललेल्याला, भरपूर स्टिरॉइड चालू असलेल्याला मात्र त्यातून जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून नियम असा की कामाची जागा जमिनीपासून स्लॅबपर्यंत बंदिस्त करायची, आतली हवा बाहेर ओढून घ्यायची, राडारोडा ओला करून झाकून न्यायचा, मजुरांची वाट आणि रुग्णांची वाट वेगळी ठेवायची आणि वॉर्डाच्या खिडक्या बंद ठेवायच्या.

इथं सगळं अडतं ते शेवटच्या अटीवर. आपली जुनी सरकारी रुग्णालयं बांधली गेली तीच वाऱ्यासाठी. उंच छत, समोरासमोर मोठ्या खिडक्या, लांब वऱ्हांडे. कोंदट हवेतून रोग होतात असं मानणाऱ्या काळातली ही रचना, पण ती चुकून बरोबर निघाली, कारण क्षयरोगाचा फैलाव रोखायला खेळती हवा हा आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे. आता शेजारी ब्रेकर सुरू झाला की सिस्टरनं काय करायचं? खिडकी उघडी ठेवली तर धूळ, लावली तर खोकणाऱ्या रुग्णाशेजारी तीस-चाळीस माणसं कोंडलेली. वातानुकूलित खासगी रुग्णालयासाठी लिहिलेल्या नियमावलीत या प्रश्नाला उत्तर नाही. ते त्या त्या दिवशी त्या त्या वॉर्डात शोधावं लागतं आणि बहुतेकदा ते सिस्टरच शोधते.

डासांचीही एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही इतकी कडू. मुंबईत हिवताप पसरवणारा ॲनाफिलिस स्टीफन्सी डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो: टाक्या, विहिरी आणि बांधकामं. नव्या स्लॅबवर क्युरिंगसाठी तळं करून ठेवलेलं पाणी त्याला फार मानवतं. म्हणजे तापाचा वॉर्ड चालवणाऱ्या आवारातच तापाची पैदास होऊ शकते. आणि चावा पहिला बसतो तो तिथंच पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला. रुग्णालय हाकेच्या अंतरावर असतं, पण ओपीडीच्या रांगेत उभं राहिलं तर त्याचा दिवसाचा खाडा पडतो.

आवाजाबद्दल कुणी लिहीत नाही. छातीला स्टेथोस्कोप लावून हृदयाचा बारीक मर्मर ऐकायला शिकणारा विद्यार्थी आणि खिडकीबाहेर दगड फोडणारं यंत्र, हे दोन्ही एका वेळी होत नाही. कंपनांमुळे एमआरआयची चित्रं बिघडतात, सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया थांबवावी लागते. यावर उपाय सोपा आहे. शस्त्रक्रियेचं वेळापत्रक आणि मोठ्या आवाजाच्या कामाचं वेळापत्रक एकाच फळ्यावर लिहायचं. तो फळा मात्र कुठल्याच खात्याच्या मालकीचा नसतो. रुग्णालय चालवतं वैद्यकीय शिक्षण खातं, बांधतं आणि दुरुस्त करतं सार्वजनिक बांधकाम खातं.

सगळ्यांत धोक्याची कामं डोळ्यांना दिसत नाहीत. वीज आणि ऑक्सिजन. नवी जोडणी करायला जुनी लाइन काही मिनिटं बंद करायची असेल तर त्याआधी प्रत्येक खाटेशी भरलेलं सिलिंडर आणि त्याच्याशी माणूस उभा हवा. दाब गेला की काय होतं ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना ऑक्सिजनची गळती झाली आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. विरार म्हणजे आमच्या भाईंदरची खाडी ओलांडली की पुढची काही स्टेशनं, त्यामुळे ती बातमी इकडे वर्तमानपत्राआधी पोचली. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याला नवजात बालकांच्या कक्षात आग लागून 10 बाळं गेली होती. ही काही बांधकाम चालू असतानाची उदाहरणं नव्हेत. पण चालू रुग्णालयात वेल्डिंगची ठिणगी किंवा तुटलेली नळी कुठवर नेऊ शकते, त्याचा अंदाज यांवरून येतो.

नव्या संस्थांनी वेगळा रस्ता धरला आहे: आधी विद्यार्थी, मागून इमारत. नागपूरच्या एम्सची पहिली तुकडी 2018 साली तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकू लागली आणि मिहानमधल्या आवाराचं उद्घाटन डिसेंबर 2022 मध्ये झालं. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकदम दहा सरकारी महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यांत मुंबईचं जीटी-कामा आहे, ठाणे जिल्ह्यातलं अंबरनाथचं आहे. सुरुवात दुसऱ्याच्या छपराखाली करण्यात मला गैर काही दिसत नाही, हाफकिननं तेच केलं. पण पाहुणा पोरगा घरच्या माणसाच्या खाटेवर झोपतो तेव्हा घरचा कुठे झोपतो, हे विचारायला हवं. मेडिकल कॉलेजच्या बाबतीत उत्तर ठरलेलं असतं: निवासी डॉक्टर.

जानेवारी 2023 मध्ये मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेनं राज्यभर संप केला तेव्हा वरिष्ठ निवासींच्या 1432 पदांबरोबर वसतिगृहांचाही प्रश्न त्यांच्या मागण्यांत होता. छत्तीस-छत्तीस तास ड्युटी करणारी ही मुलं एकेका खोलीत दाटीनं राहतात. बांधकामाच्या अग्रक्रमात वसतिगृह मागे पडतं, कारण त्याच्या उद्घाटनाला गर्दी जमत नाही. जेजेची सुपर स्पेशालिटी इमारत पूर्ण भरून चालू लागेल तेव्हा काही विभाग तिकडे जातील आणि त्यांच्या जुन्या जागा मोकळ्या होतील. त्या जागांवर प्रत्येक विभागप्रमुखाचा डोळा असणार. माझं मत विचाराल तर पहिला हक्क वसतिगृहाचा. दुसरा, बाहेरगावच्या नातेवाइकांना रात्र काढायला एखाद्या दालनाचा, कारण उत्तनहून आलेल्या माणसाची शेवटची बस चुकली तर त्याला फुटपाथखेरीज जागा नसते. या दोन्ही गोष्टी आताच, पत्रे उतरण्याआधी, लेखी ठरवून घ्यायला हव्यात. मोकळी खोली कुलूप लागून एकदा 'स्टोअर' झाली की पुढची वीस वर्षं तिच्यात मोडक्या खाटाच राहतात.