एस्टोनिया : परके हात, आपली भाषा

- देश : लोकसंख्या सुमारे १३.७ लाख. १९९१मध्ये पुन्हा स्वतंत्र, २००४पासून युरोपीय संघात.
- कोटा : संघाबाहेरून येणाऱ्यांना वर्षाला लोकसंख्येच्या जास्तीत जास्त ०.१ टक्के, म्हणजे सुमारे १,३०० निवास परवाने. आयटी तज्ज्ञ व स्टार्टअप कर्मचाऱ्यांना सूट.
- पगाराची अट : नोकरीच्या निवास परवान्यासाठी मालकाला साधारणपणे किमान देशातील सरासरी पगार द्यावा लागतो. स्वस्त मजुरांच्या भरतीला त्यामुळे आळा बसतो.
- उत्पादन आणि उत्पादकता : कामगार वाढले की एकूण उत्पादन वाढते. उत्पादकता म्हणजे कामाच्या दर तासामागचे उत्पादन. ते यंत्रे, कौशल्य व व्यवस्थापनावर ठरते.
- भाषेच्या पायऱ्या : ‘ए२’ म्हणजे दुकानात, दवाखान्यात रोजचे काम भागेल इतपत. ‘बी१’ म्हणजे ओळखीच्या विषयावर सलग बोलणे, साधे पत्र लिहिणे. नागरिकत्वासाठी ‘बी१’ आणि राज्यघटनेची परीक्षा.
- एस्टोनियन : एकमेव राजभाषा. फिनिशची भगिनी. विभक्ती १४, व्याकरणात लिंगभेद नाही.
- रशियन भाषक : चतुर्थांशाहून थोडी जास्त लोकसंख्या, बहुतेक सोव्हिएत काळात आलेले कामगार व त्यांचे वंशज.
- शाळा : २०२४पासून रशियन माध्यमाच्या शाळांचे टप्प्याटप्प्याने एस्टोनियन माध्यमात रूपांतर, सुरुवात पहिली आणि चौथीपासून.